टेबल टेनिसची कारकीर्द : नवोदित खेळाडू आणि त्यांच्या पालकांसाठी

२००६ साली मेलबर्न येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत यजमान ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेन्झेलला सात गेमपर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात नमवून अचंता शरत कमल याने पुरुष एकेरीचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आणि २०२२ साली बर्मिंगहॅम येथे इंग्लंडच्या लियम पिचफर्डविरुद्ध पहिला गेम ११-१३ असा गमावल्यावर पुढील चारही गेम ओळीने जिंकून त्याने तेच पदक पुन्हा एकवार गळ्यात घातले, तेव्हा त्याने वयाची चाळिशी गाठली होती. ज्या खेळात चेंडू डोळ्यांना धड दिसतो न दिसतो इतक्या वेगाने परत येतो, आणि म्हणून जो केवळ कोवळ्या वयाच्या मुलांचा खेळ आहे असे सर्वसाधारण लोकांस वाटते, त्या खेळात सोळा वर्षांच्या अंतराने एकच किताब दोनदा मिळविणे ही घटना आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती बॅट देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक पालकाने नीट ध्यानात घ्यावी अशी आहे. कारण आपल्याकडे ह्या खेळाचा विचार बहुधा अकरा, तेरा आणि पंधरा वर्षांखालील गटांच्या करंडकांपुरताच केला जातो, आणि मूल सतरा-अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याची उमेद, त्याचे खांदे आणि घरातील शिल्लक ही तिन्ही संपुष्टात आणली जातात. मला जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच, की टेबल टेनिसची कारकीर्द पंचवीस वर्षांच्या मुदतीची धरून तिची आखणी करावी, आणि पहिल्या दहा वर्षांतील प्रत्येक निर्णय त्या मुदतीच्या हिशेबाने घ्यावा.

आरंभ केव्हा करावा, हा पहिला प्रश्न. सहा ते आठ ह्या वयात बॅट हातात आली तर उत्तम. परंतु टेबलाची उंची ७६ सेंटिमीटर असते, आणि ज्या मुलाचे कोपर त्या पृष्ठभागाच्या वर मोकळेपणाने येत नाही ते मूल खांदा उचलून आणि मनगट वाकवून चेंडू मारण्याची जी सवय लावून घेते ती पुढे मोडणे फार कष्टाचे होते, म्हणून अशा मुलास पायाखाली रुंद, भक्कम फळी देऊन उभे करावे किंवा सरळ वर्षभर थांबावे. त्या वर्षात दोरीवरच्या उड्या, पळापळीचे खेळ आणि भिंतीवर चेंडू मारणे ह्यांतून जे मिळते ते वाया जात नाही. बॅट धरण्याची पद्धत मात्र पहिल्याच महिन्यात पक्की करून घ्यावी. आपल्याकडे बहुतेक सर्व मुले शेकहँड पद्धतीने बॅट धरतात, आणि त्यात दोष हा होतो की भीतीने किंवा उत्साहाने मूठ आवळली जाते. मूठ आवळली की मनगट बांधले जाते, मनगट बांधले गेले की चेंडूला फिरकी देता येत नाही, आणि ज्याला फिरकी देता येत नाही त्याला समोरच्याची फिरकी ओळखताही येत नाही. प्रशिक्षक पाठमोरा झाला की मुलाची मूठ पुन्हा आवळली जाते काय, एवढे घरच्या माणसाने पाहिले तरी पुष्कळ झाले.

पहिल्या दोन-तीन वर्षांत फोरहँड आणि बॅकहँडचे साधे ड्राइव्ह, पुश, आणि ह्या तिन्हींच्या खाली चालणारे पायांचे काम एवढ्यावरच भर असावा. ज्या मुलाचे पाय चालतात त्याचा हात पुढे सुधारता येतो. ज्याचा केवळ हात चालतो त्याचे पाय सोळाव्या वर्षी सुधारणे जवळजवळ अशक्य असते. हल्ली टोपलीभर चेंडू घेऊन प्रशिक्षकाने एकामागून एक चेंडू टाकावयाचे आणि मुलाने ते मारीत राहावयाचे, ही मल्टिबॉलची तालीम सर्वत्र रूढ झाली आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे, कारण थोड्या वेळात शेकडो चेंडू मारून होतात; तथापि प्रशिक्षकाच्या हातून येणारा चेंडू हा मुलाला सोयीचा म्हणून टाकलेला असतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या बॅटीवरून येणारा चेंडू त्याला गैरसोयीचा व्हावा म्हणूनच आलेला असतो. सरावाचा निम्मा वेळ तरी जिवंत जोडीदाराबरोबर जावा. तो जोडीदार डावखुरा असेल, चॉप करणारा असेल, विचित्र रबर वापरणारा असेल, तर त्याला टाळू नये. त्याच्याकडे मुलाला मुद्दाम पाठवावे.

सर्व्हिसचा प्रश्न मी वेगळा काढतो, कारण आपल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान येथे होते. नियमाप्रमाणे चेंडू उघड्या तळहातावरून निदान १६ सेंटिमीटर वर, जवळजवळ सरळ उडवावा लागतो, आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीआड जाता कामा नये. जिल्हा पातळीवर पंच अनेकदा ह्या गोष्टीकडे काणाडोळा करतात. मूल हातातून चेंडू जेमतेम सोडून झटक्यात सर्व्हिस करते, गुण मिळवीत जाते, आणि राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात पंचाने ताकीद दिली की त्याचे मुख्य शस्त्रच निकामी होते. म्हणून पहिल्या दिवसापासून चेंडू नियमाहून थोडा अधिकच उंच उडविण्याची सवय लावावी. एकट्याने, टेबलाच्या एका बाजूस उभे राहून, रोज अर्धा तास केवळ सर्व्हिसचा सराव करणे हे कंटाळवाणे वाटते, पण ह्या खेळात दुसऱ्या कोणावरही अवलंबून नसलेली एकमेव गोष्ट तीच आहे, आणि ज्याच्या गावात चांगला जोडीदार नाही त्या मुलासही ती उपलब्ध आहे.

आता साहित्याकडे वळू. १९५२ साली जागतिक टेबल टेनिस अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत, ब्रेबोर्न स्टेडियमवर, भरल्या. आशिया खंडात भरलेल्या ह्या पहिल्याच जागतिक स्पर्धा. त्यांत हिरोजी सातोह नावाचा जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तोपर्यंत बारीक दाण्यांच्या कडक रबराचा जो टणक आवाज येत असे, आणि ज्या आवाजावरून खेळाडू चेंडूचा जोर ओळखीत, तो आवाजच ह्या बॅटीतून येत नव्हता. युरोपातील नामांकित खेळाडू गोंधळून गेले आणि सातोह जगज्जेता झाला. परंतु एकेरीचे जगज्जेतेपद त्याच्या वाट्याला पुन्हा आले नाही. पुढे १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने रबर आणि स्पंज ह्यांच्या जाडीचे नियम ठरविले. आज स्पंजसह रबराची जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. मुंबईच्या त्या स्पर्धांत जे घडले त्याचा बोध असा, की साहित्यातील नावीन्याने मिळालेला विजय समोरच्यांना त्या साहित्याची सवय होईपर्यंतच टिकतो. आज हीच गोष्ट कार्बनच्या बॅटी आणि अतिवेगवान रबरे ह्यांच्या रूपाने दहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत घडते. मुलाला पहिली चार-पाच वर्षे पाच पदरी, साध्या लाकडाची, मध्यम वेगाची बॅट आणि पातळ स्पंजाचे, चेंडूवर ताबा राखता येईल असे रबर द्यावे. चेंडूचा वेग त्याच्या अंगातून आला पाहिजे, दुकानातून नव्हे. ह्यात पैशांचीही बचत आहे, कारण स्पर्धेच्या दर्जाचे रबर काही हजार रुपयांना मिळते आणि नियमित सरावात काही महिन्यांतच त्याची पकड जाते, म्हणून बॅटीच्या किमतीपेक्षा रबर बदलण्याचा वार्षिक खर्च हाच घरच्या अंदाजपत्रकात मोठा ठरतो.

लांब दाण्यांच्या रबराविषयी, ज्याला खेळाडू लाँग पिंपल्स म्हणतात, दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मनिका बत्रा हिने बॅकहँडला हे रबर वापरून २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुलातील महिला एकेरीचे सुवर्णपदक मिळविले, आणि त्याच स्पर्धांत सिंगापूरच्या फेंग तियानवेई ह्या जगातील अग्रगण्य खेळाडूस दोनदा हरविले. तेव्हापासून गल्लोगल्ली लहान मुलींच्या बॅटीवर हे रबर दिसू लागले. ह्या रबरात गैर असे काहीच नाही, आणि त्याला हिणविणारे लोक खेळाचा इतिहास विसरतात. परंतु मनिकाच्या यशामागे ते रबर असलेली बॅट हाती फिरवून बाजू बदलण्याचे, त्याच्या जोडीला फोरहँडचा आक्रमक फटका उभा करण्याचे वर्षानुवर्षांचे परिश्रम आहेत. बारा वर्षांखालील मुलींना विचित्र फिरकी झेपत नाही एवढ्याच भरवशावर हे रबर मुलीला दिले, तर पंधराव्या वर्षी सगळ्यांना ती फिरकी झेपू लागते आणि मुलीजवळ दुसरे काही उरत नाही. आधी दोन्ही बाजूंनी गुळगुळीत रबर घेऊन खेळ शिकू द्यावा. शैलीचा निर्णय मुलीचा स्वभाव आणि हालचाल पाहून, प्रशिक्षकाशी विचारविनिमय करून, नंतर घ्यावा.

प्रशिक्षकाची निवड करताना त्याने स्वतः किती किताब जिंकले हे पाहण्याऐवजी त्याच्या हाताखाली दहा वर्षांपूर्वी शिकणारी मुले आज कोठे आहेत ह्याची चौकशी करावी. ती वीस-बावीस वर्षांची होऊनही आनंदाने खेळत असतील, मग ती राष्ट्रीय पातळीवर असोत वा नसोत, तर तेथे मुलास निर्धास्तपणे सोपवावे. शरतला त्याचे वडील श्रीनिवास राव आणि चुलते मुरलीधर राव ह्यांनीच घडविले, आणि त्या उदाहरणावरून घरीच प्रशिक्षण देण्याचा मोह अनेक पालकांस होतो. ते दोघेही स्वतः जाणते प्रशिक्षक होते ही गोष्ट मग विसरली जाते. जो बाप स्वतः खेळ जाणत नाही त्याने जेवणाच्या ताटावर मुलाच्या बॅकहँडची चिकित्सा करू नये. त्या मुलास हरल्यावर परतून येण्यासाठी एक तरी जागा अशी हवी जेथे त्या दिवशीच्या गुणसंख्येचा उल्लेख होत नाही.

शरीराकडे आपले जे दुर्लक्ष होते त्याविषयी मला खेदाने लिहावे लागते. टेबल टेनिसमध्ये कमरेतून वाकून, गुडघे मोडून, एकाच खांद्याने हजारो वेळा तीच हालचाल करावी लागते, आणि दहा वर्षांनंतर दुखणे निघते ते कंबर, खांदा, गुडघा अथवा मनगट ह्यांपैकी एखाद्याचे. वाढत्या वयातील मुलास आठवड्यातून निदान तीन दिवस पायांचे, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम स्वतंत्रपणे द्यावेत, आणि एक संपूर्ण दिवस विश्रांतीचा असावा. दुखणे लपवून खेळणे हा पराक्रम नव्हे, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. २०१५ मध्ये शरतच्या मांडीच्या मागील स्नायूला गंभीर दुखापत झाली होती, आणि त्या वयात ती कारकीर्दीची अखेर ठरली असती तर कोणास आश्चर्य वाटले नसते. परंतु त्याने पुन्हा पायांवर उभे राहण्यापासून आरंभ केला, आणि त्याची सर्वांत मोठी पदके त्यानंतरची आहेत.

स्पर्धांची संख्या मर्यादित ठेवावी. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय मानांकनाच्या स्पर्धा, शाळांच्या स्पर्धा, खाजगी क्लबांच्या बक्षिसांच्या स्पर्धा अशी वर्षभर रांग लागलेली असते, आणि प्रत्येकीत नाव नोंदविले तर मुलाला शिकण्यास वेळच राहत नाही, तो जे येते तेच पुन्हा पुन्हा खेळून जिंकण्याचा प्रयत्न करीत राहतो. नवा फटका शिकताना चार महिने तरी हार पत्करावी लागते, आणि जो पालक ही हार सोसण्यास तयार नाही तो मुलाचा खेळ बाराव्या वर्षीच गोठवून टाकतो. प्रत्येक स्पर्धेनंतर मुलाने एका वहीत स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहाव्यात : कोणत्या सर्व्हिसवर गुण गेले, कोणत्या फटक्यावर मिळाले, ९-९ अशी बरोबरी असता काय केले. ही वही वडिलांनी लिहू नये.

येथेच एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगतो. वयोगटाच्या लाभासाठी जन्मतारखेचा खोटा दाखला तयार करण्याचा प्रकार आपल्या देशातील क्रीडाक्षेत्रात अजूनही नाहीसा झालेला नाही. ह्यात कायद्याचा भंग आहे आणि दुसऱ्या मुलावर उघड अन्याय आहे. शिवाय ज्या मुलासाठी हे केले जाते त्याला आपली खरी बरोबरी कोणाशी आहे हे कधीच कळत नाही. असा सल्ला देणाऱ्या माणसाचा उंबरठा पुन्हा ओलांडू नये, मग तो कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असो.

सतरा ते बावीस ही वर्षे सर्वांत कठीण. मुलगा कनिष्ठ गटातून बाहेर पडतो आणि त्याची एकदम तीस वर्षांच्या, नोकरीत स्थिरावलेल्या, शेकडो सामने खेळलेल्या माणसांशी गाठ पडते. त्याच सुमारास बारावीची परीक्षा, महाविद्यालयातील प्रवेश, घरातील मोठ्यांचे प्रश्न ही सर्व एकत्र येतात. जी. साथियन ह्याने ह्याच वर्षांत माहिती तंत्रज्ञानातील अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली, माजी राष्ट्रीय विजेते एस. रामन ह्यांच्याकडे सराव चालू ठेवला, आणि २०१९ मध्ये जागतिक क्रमवारीत चोविसावे स्थान मिळविले. प्रत्येकास हे साधेल असे नाही. परंतु शिक्षण सोडल्याने खेळ आपोआप सुधारतो हा समज निराधार आहे, आणि शिक्षणाचा आधार असलेला मुलगा निर्णायक गेममध्ये अधिक मोकळ्या मनाने खेळतो असे माझे निरीक्षण आहे. महाविद्यालय निवडताना तेथील प्राचार्य हजेरीची सवलत देतात काय, परीक्षा आणि स्पर्धा एकाच तारखेस आल्यास काय तजवीज होते, ह्याची विचारपूस प्रवेशाच्या आधी करावी.

महाराष्ट्रातील खेळाडूंनी कागदपत्रांविषयी विशेष दक्ष असावे. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंस मिळणारे सवलतीचे गुण, आणि शासकीय सेवेत खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के जागा, ह्या दोन्हींचा लाभ स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, आणि नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राची क्रीडा व युवक सेवा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. प्रमाणपत्रावरील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव ह्यांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकून पडतो. स्पर्धा संपताच, सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी, नाव, वयोगट, स्पर्धेचे वर्ष, मिळविलेले स्थान, सही आणि शिक्का हे सर्व तपासून घ्यावे. स्पर्धेची भाग्यपत्रिका आणि निकालपत्रक ह्यांच्या प्रतीही जपून ठेवाव्यात. कोणत्या स्पर्धा पात्र धरल्या जातात ह्याचे निकष शासननिर्णयानुसार बदलत असतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात वर्षातून एकदा जाऊन चालू नियम विचारून यावे.

नोकरी हा भारतीय टेबल टेनिसचा खरा कणा आहे. ह्या खेळातील बक्षिसांवर उपजीविका चालविणारे खेळाडू आपल्या देशात फारच थोडे, आणि म्हणून पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, रिझर्व्ह बँक यांसारख्या संस्थांनी खेळाडूंस दिलेल्या नेमणुका हाच पिढ्यान्पिढ्यांचा आधार ठरला. शरत इंडियन ऑइलच्या सेवेत राहून पेट्रोलियम क्रीडा मंडळाकडून खेळला आणि त्याने राष्ट्रीय एकेरीचे किताब दहा वेळा जिंकून मुंबईच्या कमलेश मेहतांचा आठ किताबांचा विक्रम मागे टाकला. हैदराबादची श्रीजा अकुला रिझर्व्ह बँकेच्या सेवेत आहे. मात्र नेमणुकीचे पत्र हाती आले की आनंदाच्या भरात त्यातील अटी वाचल्या जात नाहीत. सरावासाठी कामाच्या वेळेत किती सूट मिळेल, परदेशी स्पर्धांसाठी रजा पगारी की बिनपगारी, बदली होऊ शकते काय आणि ज्या गावी बदली होईल तेथे टेबल व जोडीदार आहेत काय, रबर व बूट ह्यांचा खर्च कोण सोसते, खेळ थांबल्यावर बढतीचा मार्ग कोणता, ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी सद्हेतूचाच असतो, परंतु दोन वर्षांनी त्याची बदली होते आणि त्याच्या जागी येणाऱ्यास त्या आश्वासनाची माहिती नसते. आणखी एक धोका मानसिक आहे : पंचविशीत पगार सुरू झाला, संस्थेच्या संघात जागा मिळाली, की अनेक गुणी खेळाडू तेथेच थांबतात. नोकरी हे खेळत राहण्याचे साधन आहे ह्याचा विसर पडतो.

ज्यांना राष्ट्रीय पातळीच्या पलीकडे जाण्याची आकांक्षा आहे त्यांनी परदेशी क्लबांच्या साखळी स्पर्धांचा विचार तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापर्यंत करावा. शरतने युरोपात वर्षानुवर्षे वास्तव्य केले आणि जर्मनीतील बोरुसिया ड्युसेलडोर्फ ह्या प्रख्यात क्लबकडूनही तो खेळला. तेथील लाभ हा, की घरी वर्षातून दोन-चारदा ज्या दर्जाचा सामना मिळतो तो तेथे आठवड्याला मिळतो, आणि समोर येणारा प्रत्येक माणूस वेगळ्या परंपरेत वाढलेला असतो. परंतु जाण्यापूर्वी क्लबशी होणाऱ्या कराराची मुदत, राहण्याची सोय, विमा आणि आजारपणातील खर्च ह्यांची खातरजमा करून घ्यावी, आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करण्याची तयारी ठेवावी. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात एकट्याने राहण्याची शक्ती हा देखील सरावाचाच भाग आहे. २०१७ पासून आपल्याकडे अल्टिमेट टेबल टेनिस ही साखळी स्पर्धा सुरू झाल्याने परदेशी खेळाडूंबरोबर सराव करण्याची थोडी संधी देशातच मिळू लागली, आणि ती मिळाल्यास कोणी दवडू नये.

दीर्घ कारकीर्दीत खेळाचे नियमच बदलतात, ही गोष्ट फारसे कोणी मनात धरीत नाही. २००० साली चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० झाला, २००१ मध्ये एकवीस गुणांचा गेम अकरा गुणांवर आला, २००२ मध्ये चेंडू शरीराआड लपवून सर्व्हिस करण्यास बंदी झाली, २००८ मध्ये वेग वाढविणारा डिंक गेला, आणि २०१४ पासून सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लास्टिकचा आला. ह्यांतील प्रत्येक बदलाने कोणाचे तरी हुकमी शस्त्र काढून घेतले. पहिला बदल झाला तेव्हा शरत अठरा वर्षांचा होता. म्हणजे तो ज्या चेंडूवर, ज्या गुणपद्धतीत खेळ शिकला त्यांतील काहीही त्याच्या प्रौढ कारकीर्दीत शिल्लक राहिले नाही, आणि तरीही तो टिकला, कारण पायांची जागा, चेंडू उचलण्याची वेळ आणि फिरकीची पारख ह्या तीन गोष्टी कोणत्याही नियमाने रद्द होत नाहीत. एखाद्या युक्तीवर, एखाद्याच सर्व्हिसवर सारी भिस्त ठेवणाऱ्या मुलास हे वारंवार सांगावे.

पराभवाच्या काळाविषयीही असेच. २०१० मध्ये इजिप्त खुली स्पर्धा जिंकल्यानंतर आंतरराष्ट्रीय मालिकेतील पुढचे एकेरीचे विजेतेपद शरतला मिळाले ते २०२० मध्ये, मस्कत येथील ओमान खुल्या स्पर्धेत. मधली दहा वर्षे तो खेळतच होता. त्या वर्षांतच २०१८ ची जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धा आली. १९५८ पासून ह्या स्पर्धांत टेबल टेनिस खेळले जात असूनही भारतास त्यात एकही पदक नव्हते, ते पुरुष संघाने आणि मिश्र दुहेरीत शरत-मनिका जोडीने मिळविलेल्या कांस्यपदकांनी प्रथमच लाभले. एखाद्या मुलाची दोन वर्षे निष्फळ गेली म्हणून त्याची बॅट कपाटात ठेवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी ही दहा वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत. अर्थात मूल स्वतःच कंटाळले असेल, सरावाला जाताना त्याचे पाय जड होत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याला सन्मानाने थांबू द्यावे, आणि झालेला खर्च त्याच्यासमोर कधीही मोजू नये.

मुलींच्या बाबतीत माझे सांगणे अधिक आग्रहाचे आहे. १९५२ सालीच मुंबईच्या गूल नासिकवाला हिने सिंगापूर येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत एकेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली होती, म्हणजे ह्या खेळात भारतीय स्त्रियांचा वारसा पुरुषांहून कमी जुना नाही. तरीही सोळा-सतराव्या वर्षी मुली खेळ सोडतात, आणि कारण बहुधा रात्रीचा प्रवास, परगावचा मुक्काम, वसतिगृहांची अव्यवस्था हे असते. पालकांनी येथे माघार घेऊ नये. संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक असलीच पाहिजे असा लेखी आग्रह जिल्हा व राज्य संघटनेकडे धरावा, आणि चार पालकांनी मिळून तो धरल्यास तो सहसा डावलला जात नाही. पश्चिम बंगालमधील नैहाटीच्या सुतीर्था मुखर्जी आणि ऐहिका मुखर्जी ह्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत चीनच्या जोडीला चीनच्याच भूमीवर हरवून महिला दुहेरीचे कांस्यपदक आणले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला संघ प्रथमच पात्र ठरला आणि रुमानियास नमवून उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला. मनिका आणि श्रीजा ह्या दोघी एकेरीत शेवटच्या सोळांत आल्या, जेथवर त्यापूर्वी कोणी भारतीय, पुरुष वा स्त्री, पोहोचले नव्हते.

खेळणे थांबविण्याची वेळ प्रत्येकावर येते. शरतने ती मार्च २०२५ मध्ये, चेन्नईतील आपल्या माणसांसमोर, स्वतः ठरविली. परंतु त्याआधीच २०२२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय संघटनेच्या खेळाडू आयोगावर निवडून गेला होता, आणि कमलेश मेहता हे तर पुढे राष्ट्रीय महासंघाचे महासचिव झाले. पुढच्या कामाची तयारी खेळत असतानाच करावी. आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षकांसाठी क्रमवार अभ्यासवर्ग असतात, त्यांपैकी पहिला वर्ग तिशीच्या आत पूर्ण करण्यास कोणासही अडचण नाही. पंचांच्या परीक्षाही राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशा पायऱ्यांनी देता येतात, आणि ज्यांची खेळाडू म्हणून मजल राज्य पातळीपर्यंतच गेली त्यांना ह्या मार्गाने जागतिक स्पर्धांत प्रवेश मिळू शकतो. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत आज टेबले आहेत, सभागृहे आहेत, मुले आहेत. तेथे संध्याकाळी दोन तास उभे राहून सहा वर्षांच्या मुलाची मूठ सैल करणारी जाणती माणसे फार कमी आहेत, आणि पंधरा वर्षे खेळलेल्या प्रत्येक खेळाडूने आपल्या गावच्या संघटनेकडे त्यासाठी आपले नाव आजच नोंदवावे.